कालच पोटाचं ऑपरेशन अन् आज खिचडी? पिशवीच्या कॅन्सरमध्ये डॉक्टर आता असं काहून करून राहिले

"कालच बाईचं पोट उघडलं अन् आज तिला खिचडी खाऊ घालून राहिले, वरून चालवून राहिले. गरीब माणूस आहे म्हणून खाट खाली करायची घाई." हे बोलणं मी यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर अशा सगळ्या बाजूंच्या नातेवाइकांकडून ऐकलंय. गावातल्या पेशंटसोबत नागपूरला जाणंयेणं होतं तेव्हा वॉर्डाबाहेरच्या पायऱ्यांवर हाच विषय चालू असतो. राग येणं साहजिक आहे, कारण आपल्या आईच्या, मामीच्या वेळी असं नव्हतं. तेव्हा ऑपरेशन झालं की तीन-चार दिवस तोंडात पाणी नाही, नाकात नळी, सलाईनवर सलाईन, अन् आठ-दहा दिवस खाटेवर. आता हे सगळं उलटं का झालं ते नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण यातला अर्धा भाग डॉक्टरच्या हातात आहे पण उरलेला अर्धा घरच्यांच्या हातात आहे, अन् घरच्यांनाच माहीत नसेल तर तो भाग होतच नाही.

या पद्धतीचं पूर्ण नाव एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी, डॉक्टर लोक थोडक्यात ईरास म्हणतात. ऑपरेशनच्या आधी, ऑपरेशन चालू असताना अन् नंतर अशा वीस-एक बारीकसारीक गोष्टी ठरवून करायच्या म्हणजे बाई लवकर उभी राहते, एवढाच त्याचा अर्थ. कुठलं नवीन औषध नाही, कुठली महागडी मशीन नाही.

हे आलं कुठून

डेन्मार्कमधे हेन्रिक केलेट नावाचे सर्जन आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात आतड्याच्या ऑपरेशनच्या पेशंटवर काम करताना एक साधा विचार केला, की ऑपरेशन तर चांगलं झालं, मग पेशंट खाटेवर पडून का राहतो? दुखतं म्हणून, उलटी होते म्हणून, आतडं चालत नाही म्हणून, नळ्या लागल्यात म्हणून. यातल्या एकेका कारणावर इलाज केला तर? त्यातून ही पद्धत निघाली. पुढं युरोपातल्या डॉक्टरांनी मिळून नियम लिहिले, अन् स्त्रियांच्या कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी वेगळे नियम २०१६ मधे आले, २०१९ मधे ते सुधारले गेले. म्हणजे तुमच्या पेशंटवर कोणी प्रयोग करून राहिलं नाही, बऱ्याच वर्षांपासून जगभर तपासून घेतलेली गोष्ट आहे.

स्त्रियांचे कॅन्सर म्हणजे मुख्यतः गर्भाशयाच्या तोंडाचा, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा अन् अंडाशयाचा. आपल्याकडं तिन्हीला मिळून 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतात, पण तिन्हीचं ऑपरेशन सारखं नसतं. भारतात २०२२ मधे एकट्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे साधारण १ लाख २७ हजार नवे पेशंट सापडले अन् जवळपास ८० हजार बायका त्यानं गेल्या. खेड्यातल्या बायका अंगावरून जातं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसतं हे कोणाला सांगत नाहीत, कापसाची वेचणी होऊ द्या मग पाहू म्हणतात, अन् दवाखान्यात येईपर्यंत रक्त कमी झालेलं असतं, अंगात जीव नसतो. अशा बाईला तर ही पद्धत सगळ्यात जास्त कामाची आहे.

ऑपरेशनमधे शरीराला काय होतं

ऑपरेशन म्हणजे शरीरासाठी मोठी मेहनत आहे. बाई भुलीत शांत झोपलेली दिसते पण आत धावपळ चालू असते. शरीराला वाटतं मोठी जखम झाली, मग ते तणावाची हार्मोन्स सोडतं, रक्तातली साखर वाढते, इन्सुलिन नीट काम करत नाही, स्नायूंमधलं प्रोटीन तोडून वापरलं जातं, आतडं सुस्त पडतं अन् रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. आधीच अशक्त असलेल्या बाईला उपाशी ठेवून अन् नंतर खाटेवर झोपवून आपण हे सगळं अजून वाढवतो.

आता मला सांगा, उद्या नांगरटीला जुंपायचं म्हणून आदल्या रात्री बैलाची वैरण-पाणी कोणी बंद करतं का? उलट पोटभर देतो, मालिश करतो, अन् काम संपलं की पुन्हा पाणी दाखवतो. माणसाच्या ऑपरेशनमधे मात्र आपण कित्येक वर्षं नेमकं उलटं करत होतो.

मग उपाशी का ठेवत होते?

त्यालाही कारण होतं. भूल दिली की माणसाचं गिळणं-खोकणं बंद पडतं, अन् पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, त्यात जीव जाऊ शकतो. १९४६ मधे मेंडेलसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी बाळंतपणात भूल दिलेल्या बायकांमधे हे होतं असं लिहिलं, अन् पुढं 'रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही' हा नियम जगभर पक्का झाला.

पण पुढच्या अभ्यासात दिसलं की साधं पाणी पोटातून लवकर खाली उतरतं. १९९९ पासून अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं की भुलीच्या २ तास आधीपर्यंत पाण्यासारखी पातळ गोष्ट चालते अन् हलकं खाणं ६ तास आधीपर्यंत. तळलेलं, मटण वगैरे असेल तर त्याहून जास्त वेळ सोडायचा.

आपल्याकडचा हिशोब पाहा. बाई रात्री ८ ला जेवली. सकाळी लिस्टमधे तिचा नंबर तिसरा. पहिलं ऑपरेशन लांबलं, दुसऱ्याला वेळ लागला, हिला आत घेतलं दुपारी १ ला. झाले १७ तास, अन् महिना मे, बाहेर ४५ डिग्री. ओठ सुकलेले, डोकं दुखतंय, नस सापडत नाही म्हणून तीनदा टोचलं. अन् घरच्यांनी घोटभर पाणीही दिलं नाही, कारण 'ऑपरेशन कॅन्सल होईल' ही भीती.

म्हणून भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशीच विचारा, 'मॅडम, आमचा नंबर कितव्या टायमाला लागंल, पाणी किती वाजेपर्यंत देऊ?' बऱ्याच ठिकाणी आता २ तास आधी साखरेचं पाणीही देतात, साधारण ४०० मिली पाण्यात ५० ग्रॅम कार्बोहायड्रेट असलेलं, म्हणजे शरीर उपाशी अवस्थेत ऑपरेशनला जात नाही. पाण्यासारखी पातळ गोष्ट म्हणजे काय हेही समजून घ्या: पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, मलई नसलेलं नारळपाणी, बिनदुधाचा काळा चहा. दूध, दुधाचा चहा, ताक, पेज, सरबतातला सब्जा यातलं काहीच यात बसत नाही, 'पातळच तर आहे' म्हणून देऊ नका.

अन् हे सगळ्यांना लागू नाही. अंडाशयाच्या कॅन्सरमधे पोटात पाणी भरून पोट टम्म फुगलेलं असतं, अशा बाईचं पोट उशिरा रिकामं होतं. आतडं अडलेलं असेल, सारखी उलटी होत असेल, शुगर कंट्रोलमधे नसेल तर नियम वेगळा. तो भूलतज्ज्ञच ठरवणार, आपण मनानं नाही.

इथं विदर्भातल्या लोकांसाठी एक गोष्ट जोर देऊन सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार भरपूर आहे. सिकलसेलच्या पेशंटला पाणी कमी पडणं अन् अंग गार पडणं या दोन्ही गोष्टी घातक, त्यानं लाल पेशी वाकड्या होऊन रक्तवाहिनीत अडकतात अन् क्रायसिस येतो, म्हणजे अंगात जोराचं दुखणं उठतं. म्हणजे १७ तास तहानलेलं ठेवणं अशा बाईला तर फारच महागात पडू शकतं. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते फाईलमधे वर लावा. टेस्ट झालेली नसेल अन् घरात कोणाला असेल तर तसं तोंडानं सांगा. लग्नाच्या बोलणीत अडचण नको म्हणून लपवलेलं असतं हे मला माहीत आहे, पण भूलतज्ज्ञापासून लपवू नका.

तारीख मिळेपर्यंतचे दिवस वाया घालवू नका

निदान झालं की ऑपरेशनची तारीख लगेच मिळत नाही, दोन-तीन आठवडे तपासण्या अन् कागदपत्रांतच जातात. अंडाशयाच्या कॅन्सरमधे बऱ्याचदा आधी केमोचे तीनेक डोस देतात, मग ऑपरेशन, म्हणजे तिथं तर अजून वेळ असतो. हा वेळ बाई घरी रडत अन् देवाधर्मात घालवते. देवाचं करा, कोणी नाही म्हणत नाही, पण सोबत या गोष्टी करा.

पहिलं रक्त. एचबी (हिमोग्लोबिन) ७ किंवा ८ असेल तर ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नाही, निदान झालं त्याच दिवशी विचारा. लोहाच्या गोळ्यांना आठवडे लागतात, वेळ कमी असेल तर नसेतून लोह देता येतं. गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. सिकलसेल असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लोह सुरू करू नका.

दुसरं तंबाखू. बायका खर्रा खात नाहीत असं कोणी म्हणू नये, आमच्याकडं खर्रा, नस (तपकीर), गुडाखू सगळं चालतं, फक्त डॉक्टरसमोर कोणी कबूल करत नाही. ऑपरेशनच्या ४ आठवडे आधी विडी-तंबाखू अन् दारू सुटली तर जखम चांगली भरते अन् छातीचा त्रास कमी होतो. चार आठवडे नसतील तरी आजपासून सोडा.

तिसरं खाणं-चालणं. तुरीचं वरण घट्ट करा, अंडं चालत असेल तर रोज अंडं, शेंगदाणे, दूध, चना, जे घरात असेल ते प्रोटीन वाढवा. कॅन्सरवाल्या बाईला फक्त फळं अन् ज्यूस देत बसतात, त्यानं स्नायू वाचत नाहीत. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास पायी फिरवा. अन् घरातले पुरुष असतील त्यांना सांगतो, स्वयंपाक-पाण्यातून बाईला हे दिवस मोकळं करा, नाही तर ती सगळ्यांना वाढून उरलं ते खाणार अन् ऑपरेशनला तशीच जाणार.

टेबलावर काय बदललं

हा भाग आपल्या हातात नाही, म्हणून थोडक्यात. चिरा देण्याच्या तासाभरात अँटिबायोटिक, अंग गरम ठेवणं, सलाईन मोजून देणं (जास्त पाणी गेलं की आतडी सुजतात), उलटीचं औषध आधीच, अन् दुखणं कमी राहावं म्हणून कमरेतून किंवा पोटाच्या भिंतीत सुन्न करणारं इंजेक्शन. नाकातली नळी अन् पोटात साचलेलं पाणी बाहेर काढायची ड्रेनची नळी सरसकट ठेवत नाहीत. एनिमा अन् जुलाबाची पावडर देऊन आदल्या रात्री पोट साफ करणंही आता सरसकट नाही, त्यानं बाई अजूनच गळून जायची.

त्या दिवशी संध्याकाळी अन् दुसऱ्या दिवशी

खरी भांडणं इथं होतात. सिस्टर येते अन् म्हणते, 'मावशी, उठा, बसू आपण.' नातेवाईक म्हणतात राहू द्या.

उठवायची एक रीत आहे, ती शिकून घ्या. सरळ पाठीवरून उठवायचं नाही, पोटाला ताण बसतो. आधी गुडघे दुमडायचे, मग कुशीवर वळवायचं, पाय खाटेखाली सोडायचे अन् त्याच वेळी हाताच्या कोपरावर जोर देऊन वर यायचं. पोटावर दुमडलेली चादर किंवा उशी धरायची. काठावर बसून दोन मिनिटं थांबायचं, चक्कर येते का पाहायचं, पाय जमिनीवर टेकवून हलवायचे. मग उभं. पहिल्या दिवशी खाटेपासून खुर्चीपर्यंत गेली तरी पुष्कळ. दुसऱ्या दिवशी वॉर्डात एक चक्कर, मग दोन. खोकला आला तरी तीच उशी पोटावर दाबून धरायची.

खाणं. आतड्याला काम दिलं तरच ते चालू होतं, वाट पाहत बसलं की उशीर होतो. पहिले काही तास घोट-घोट पाणी, मग चहा, मग २४ तासांच्या आत साधं जेवण. मऊ खिचडी, वरण-भात, इडली. भूक नसेल तर जबरदस्ती करू नका, उलटी झाली तर थांबा अन् सिस्टरला सांगा. च्युइंगम चघळायला सांगितलं तर हसू नका, चावल्यानं आतड्याला जेवण येणार असा इशारा मिळतो अन् गॅस लवकर सरतो, कॉफीनंही फायदा दिसलाय. पण चघळायचंच आहे म्हणून लपून खर्रा देणारे पाहिलेत, ते अजिबात नको.

'सलाईन लावा, ताकद येईल' ही समजूत तर काढूनच टाका. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभर कॅलरीसुद्धा नाहीत, अन् साध्या मिठाच्या सलाईनमधे शून्य. अर्धी-पाऊण भाकर खाल्ली तरी त्याहून जास्त मिळतं. सलाईन काढली म्हणजे इलाज बंद केला असं समजू नका, तोंडानं घेता येतंय म्हणून काढली.

दुखण्याचं औषध दुखल्यावर मागायचं नाही, घड्याळानुसार घ्यायचं. पॅरासिटामॉल अन् किडनी ठीक असेल तर सोबत दुसरं सुजेचं औषध, असं ठरलेल्या वेळी दिलं की मॉर्फिनसारखी तगडी औषधं कमी लागतात. त्या औषधांनी मळमळ होते अन् आतडं अजून सुस्त पडतं. आमच्या बायका सहन करतात, 'दुखत नाही' म्हणतात अन् मग हलतच नाहीत. बाईच्या शब्दावर जाऊ नका, तिच्या तोंडाकडं पाहा.

लघवीची नळी बहुतेक ऑपरेशनमधे दुसऱ्या दिवशी काढतात. पण गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी मोठं ऑपरेशन झालं असेल, ज्यात पिशवीच्या बाजूचा भागही काढतात, तर मूत्राशयाच्या नसांना धक्का बसलेला असतो अन् नळी जास्त दिवस ठेवावी लागते. बाजूच्या खाटेवरच्या बाईची निघाली अन् आपल्या बाईची नाही म्हणून घाबरू नका, डॉक्टरशी वाद घालू नका.

"टाके तुटतील नं!"

चालल्यानं तुटत नाहीत. पोटाची भिंत आतून मजबूत धाग्यानं थराथरानं शिवलेली असते, सावकाश चालण्याचा तिच्यावर फारसा ताण येत नाही. ताण येतो तो जोरात खोकण्यानं, कुंथण्यानं अन् वजन उचलण्यानं. उलट पडून राहिलं तर पायातल्या नसांत रक्त गोठतं, ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर क्षणात माणूस जातो. कॅन्सरमधे अन् ओटीपोटाच्या ऑपरेशनमधे हा धोका नेहमीपेक्षा जास्त. छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो तो वेगळाच.

"दुर्बिणीनं केलं असतं तर हे सगळं लागलंच नसतं"

गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमधे दुर्बीण चांगली. पण गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमधे २०१८ साली एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, त्यात दुर्बिणीनं मोठं ऑपरेशन झालेल्या बायकांमधे कॅन्सर परत यायचं प्रमाण पोट उघडून केलेल्यांपेक्षा जास्त निघालं. तेव्हापासून डॉक्टर या कॅन्सरमधे पोट उघडूनच करा म्हणतात. म्हणून सर्जननं 'ओपन करू' म्हटलं तर तो जुनाट आहे असं समजू नका. पोट उघडून केलं तरी ही लवकर उठवायची पद्धत लागू होते, खरं तर तिथं तिचा फायदा जास्त दिसतो.

"लवकर घरी पाठवतात, मग घरी काही झालं तर?"

हा प्रश्न एकदम बरोबर आहे अन् शहरातल्या माणसापेक्षा आपल्याला तो जास्त लागू आहे. २०२१ मधे स्त्रियांच्या कॅन्सरवरचे ३१ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यात या पद्धतीनं दवाखान्यातला मुक्काम साधारण दीड दिवसानं कमी झाला, गुंतागुंत जवळपास एक तृतीयांशानं कमी झाली, अन् परत भरती व्हायचं प्रमाण वाढलं नाही. म्हणजे घाईनं हाकललं म्हणून मुक्काम कमी झालेला नाही, बाई बरी झाली म्हणून झाला.

पण ज्या बाईचं घर नागपूरपासून दीड-दोनशे किलोमीटर आत, एसटीचा खडखडता रस्ता, पावसाळ्यात नाल्याला पूर, तिला सगळ्यांसारखीच सुट्टीची तारीख लावणं मला पटत नाही. सुट्टी दिवस मोजून द्यायची नसते. बाई जेवते, उलटी नाही, गॅस सरतो, लघवी होते, गोळ्यांवर दुखणं थांबतं, स्वतः चालते, ताप नाही, एवढं असलं पाहिजे. यातलं काही बाकी असेल तर स्पष्ट सांगा, 'साहेब, आमचं गाव लांब आहे, एखाद-दोन दिवस जवळच धर्मशाळेत थांबू का?' विचारायला लाजू नका. अन् रात्री फोन करायचा नंबर फाईलवर लिहून घेतल्याशिवाय निघू नका. सरकारी योजनेत पेशंट असेल तर सुट्टीच्या वेळी सोबत कोणती औषधं मिळतात तेही विचारून घ्या.

पटापट उभं राहण्याचा कॅन्सरशीही संबंध आहे. ऑपरेशननंतर ज्यांना केमो किंवा शेक (रेडिएशन) लागतो त्यांचा तो साधारण ४ ते ६ आठवड्यांत सुरू व्हायला पाहिजे. बाई अजून खाटेवरच असेल, जखम पिकलेली असेल तर तो पुढं ढकलावा लागतो.

घरी आल्यावर

पोट उघडून कॅन्सरचं ऑपरेशन झालं असेल तर रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन बऱ्याच बायकांना २८ दिवस रोज घ्यायला सांगतात. आमच्या भागात हेच सगळ्यात जास्त सुटतं. बाई चालतेय, जेवतेय, मग कशाला रोज टोचायचं, पैसे कशाला घालवायचे, असं म्हणून आठ-दहा दिवसांत बंद करतात. करू नका. सुट्टीच्या आधी घरातल्या एका माणसानं सिस्टरसमोर इंजेक्शन देऊन दाखवा, सुई बारीक असते, कातडीखाली द्यायची असते, जमतं. नाही जमलं तर उपकेंद्रातल्या सिस्टरला किंवा आशाताईला आधीच सांगून ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याखाली, देवळीत ठेवू नका, थंड जागी ठेवा, पण बर्फाच्या खणात नाही.

साधारण सहा आठवडे पाण्याचा हंडा, सरपणाचा भारा, निंदण, वेचणी काहीच नाही. चालणं मात्र रोज.

एका पायाची पोटरी सुजली, दुखली. दम लागला किंवा छातीत दुखलं. ताप आला. जखमेतून पू किंवा पाणी आलं. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या अन् गॅस सरेना. लघवी अडली, किंवा खालून सारखं पाण्यासारखं गळायला लागलं, किंवा जास्त लाल गेलं. यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, फाईलवर लिहून घेतलेल्या नंबरवर फोन करा. अन् दम लागला असेल तर फोनवर बोलत बसायचंही नाही, १०८ ला बोलवा अन् निघा, ऑपरेशनची फाईल सोबत घेऊन.